गुळमुळीत उत्तर

गेल्या उन्हाळ्यात काही दिवस नाचणगावी आमच्या वडिलोपार्जित घरी राहण्याचा योग आला. हे गाव वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यात, पुलगावाजवळच आहे. भोवती काळी जमीन, आणि त्या जमिनीत मुख्यत्वे कापूस, तूर व सोयाबीन. मी जन्मभर नागपुरास शिक्षकाचा व्यवसाय केला. घर आणि शेत वडील बंधूंनी सांभाळले. एके दिवशी संध्याकाळी अंगणात बाजा टाकून आम्ही बसलो असता धाकटा पुतण्या इंग्रजी गोष्टींचे पुस्तक घेऊन आला, आणि त्यातील एका शब्दावर बोट ठेवून त्याने मला विचारले, “काका, विशी-वॉशी म्हणजे काय हो?” शब्द नित्याच्या बोलण्यातला, परंतु त्याला नेमका मराठी प्रतिशब्द कोणता द्यावा, याचा मी विचार करीत आहे तोच बंधू तंबाखू मळता मळता मुलाला म्हणाले, “अर्थ काय सांगते तो? पाडव्याले त्याचा फोन येते, तो कान देऊन ऐकत जाय. सारा अर्थ त्यातच हाय.”

घरातील सर्व मंडळी हसली. मीही हसलो. परंतु बंधूंचा स्वभाव उगाच टोचून बोलण्याचा नव्हे, आणि त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. त्यांच्या त्या एका वाक्याने मला दोन कामे नेमून दिली: एक, त्या शब्दाचा अर्थ शोधणे, दुसरे, तो अर्थ आपणांस कितपत लागू पडतो हे पाहणे. पहिले काम सोपे असल्यामुळे त्यापासूनच आरंभ करतो.

‘वॉश’ म्हणजे धुणे, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. त्यावरून ‘वॉशी’ म्हणजे पाणचट. या ‘वॉशी’लाच पुढे ‘विशी’ हे नादापुरते अक्षर जोडून सुमारे तीनशे वर्षांपूर्वी हा जोडशब्द प्रचारात आला, आणि प्रथम तो खाण्यापिण्याच्या पदार्थांस लावीत. ज्या रश्शात पाणी फार आणि सत्त्व थोडे, जे पेय नुसते कोमट आणि बेचव, ते विशी-वॉशी. पुढे हाच शब्द फिक्या रंगाला लागला, मग फुसक्या लिखाणाला, आणि शेवटी मनुष्याला. ज्याच्या मताला रंग नाही, ज्याच्या उत्तराला चव नाही, ज्याने होकार दिला की नकार हे त्याच्या तोंडून ऐकूनही कळत नाही, असा मनुष्य विशी-वॉशी ठरला. याचाच एक भाऊबंद ‘शिली-शॅली’ हा आहे. त्याची जन्मकथा अधिक गमतीची आहे. ‘शॅल आय? शॅल आय?’ म्हणजे ‘करू का? करू का?’ असे स्वतःलाच पुनःपुन्हा विचारीत उंबरठ्यावर घुटमळणाऱ्या मनुष्याची ती नक्कल आहे. काँग्रीव्ह या नाटककाराच्या १७०० सालच्या ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ या प्रहसनात या शब्दाचे मूळ रूप आढळते. दोन्ही शब्दांत ‘इ’ आणि ‘अ’ या स्वरांचा झोका आहे. उच्चारतानाच जीभ इकडून तिकडे हेलकावते.

आता मराठीकडे वळू. आपल्या भाषेत या दोषासाठी शब्दांची वाण नाही. उलट इतके शब्द आहेत की, आपल्या पूर्वजांस या दोषाचा चांगलाच परिचय असावा असे वाटते. परंतु हे शब्द एकाच अर्थाचे नव्हेत. ‘धरसोड’ हा हाताचा दोष आहे. धरलेले काम टाकावयाचे आणि टाकलेले पुन्हा धरावयाचे. ‘चालढकल’ हा वेळेचा दोष आहे. आजचे ओझे उद्याच्या अंगावर लोटावयाचे. ‘डळमळीत’ हा पायाचा दोष आहे. ‘तळ्यात-मळ्यात’ हा तर मुलांचा खेळच. परंतु त्या खेळात उडी दुसऱ्याच्या हुकुमावर मारावी लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून मत बदलणाऱ्या मनुष्यास तो शब्द किती चपखल बसतो ते कळते. राहिले दोन शब्द: ‘मिळमिळीत’ आणि ‘गुळमुळीत’. मिळमिळीत हा इंग्रजी शब्दाप्रमाणेच स्वयंपाकघरातून आला. ज्या भाजीत मीठ-तिखट बेताचेही नाही, ती मिळमिळीत. गुळमुळीत हा मात्र विशेषेकरून बोलण्याचा दोष आहे. उत्तर दिले जाते, शब्द उच्चारले जातात, त्यांत गोडवाही असतो. परंतु ऐकणारा उठून जातो तेव्हा त्याच्या पदरात काहीच पडलेले नसते. मुलाने विचारलेल्या शब्दाला हाच माझ्या मते सर्वांत जवळचा प्रतिशब्द होय.

दोन दूरदूरच्या भाषांना या दोषासाठी स्वयंपाकघरच आठवावे, यात काही अर्थ आहे. पंगतीत पाने वाढली आणि वरण पुरत नाही असे दिसले, म्हणजे त्यात पाणी घालून ते वाढवितात. सर्वांच्या पानांवर वरण पडते, कोणी उपाशी राहिला असे म्हणता येत नाही. परंतु खऱ्या अर्थाने जेवला असाही कोणी नसतो. गुळमुळीत मनुष्याचे असेच होते. त्याला कोणासही विन्मुख पाठवावयाचे नसते. म्हणून जेवढा निश्चय त्याच्याजवळ असतो, त्यात तो इतके पाणी घालतो की, तो सर्वांना पुरावा. या दोषाच्या मुळाशी पुष्कळदा दुष्टपणा नसतो, भिडस्तपणा असतो. आणि म्हणूनच सुशिक्षित व सभ्य म्हणविणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांत तो फार सुखाने नांदतो.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वर दिलेले इंग्रजी व मराठी शब्द बहुतेक घरगुती आहेत. सरकारी कागदात कोणी कोणास गुळमुळीत म्हणत नाही. तेथे या दोषाला निराळी वस्त्रे मिळतात. ‘प्रकरण विचाराधीन आहे’, ‘मागणी तत्त्वतः मान्य आहे’, ‘योग्य वेळी योग्य तो निर्णय घेण्यात येईल’. या वाक्यांना मान आहे, शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. अनिश्चय तेवढा तोच आहे. आपणही घरात हीच वस्त्रे वापरतो. ‘पाहू’, ‘बघतो’, ‘विचार चालू आहे’, ‘तुम्ही म्हणता तेही खरेच’, असे म्हणताना आपण काही चुकीचे करीत आहो असे कोणास वाटते? अशा वेळी घरगुती भाषेतील तो बोचरा शब्दच उपयोगी पडतो. सभ्य भाषा जे झाकते ते तो उघडे करतो.

येथे कोणी आक्षेप घेईल की, तडकाफडकी निर्णय घेणारे लोक काय थोडे अनर्थ करतात? जगात अविचाराने झालेले नुकसान अनिश्चयाने झालेल्या नुकसानीपेक्षा कमी का आहे? हा आक्षेप खरा आहे. आणि त्याला उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझे म्हणणे असे की, तीन गोष्टी गुळमुळीतपणासारख्या दिसतात, परंतु त्या गुळमुळीतपणा नव्हेत. थांबणे, मत बदलणे आणि तडजोड करणे, या त्या तीन गोष्टी होत.

थांबण्याचा धडा आमच्या गावात कोणीही शेतकरी देईल. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो. पहिली सर येते, मातीचा वास सुटतो, आणि प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: पेरावे की थांबावे? पेरले आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर कोंब करपतो, महागाचे बियाणे मातीत जाते आणि दुबार पेरणी कपाळी येते. थांबले आणि पाऊस लागून राहिला, तर काळ्या जमिनीत चिखल होऊन पाऊल घालता येत नाही आणि हंगाम हातचा जातो. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणी करू नका, असे कृषिखाते दरवर्षी सांगते. जुन्या माणसांचे माप निराळे आहे. ते मूठभर माती हातात घेऊन दाबतात. ती हाताला चिकटली तर ओल अधिक आहे. दाबल्यावर गोळा धरून बोटाच्या धक्क्याने भुरभुरली, तर ‘वाफसा’ झाला. वाफसा म्हणजे जमिनीत ओलही आहे आणि हवाही आहे, अशी पेरणीस योग्य अवस्था. ती फार दिवस टिकत नाही. वाफशाची वाट पाहणारा शेतकरी धुऱ्यावर स्वस्थ बसलेला दिसतो. परंतु तो रोज माती पाहतो, बियाणे घरात आणून ठेवतो, तिफण नीट करतो, मजुरांस सांगून ठेवतो. आपण कशासाठी थांबलो आहो आणि काय घडले म्हणजे थांबणार नाही, हे त्याला ठाऊक असते. गुळमुळीत मनुष्यास तेवढेच ठाऊक नसते. त्याला विचारून पाहा, ‘कशाची वाट पाहता?’ त्याला उत्तर देता येणार नाही. तो वाफशाची वाट पाहत नसतो; हंगाम निघून जाईल आणि मग आपणांस काही ठरवावे लागणार नाही, याची वाट पाहत असतो.

दुसरी गोष्ट मत बदलण्याची. आमच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजी १९३६ साली शेगावी राहावयास आले. त्या शेगावचेच पुढे सेवाग्राम झाले. या पुरुषावर धरसोडीचा आरोप त्याच्या हयातीत जेवढा झाला तेवढा क्वचितच कोणावर झाला असेल. १९२२ च्या फेब्रुवारीच्या आरंभी त्यांनी बार्डोलीच्या सत्याग्रहाची सूचना व्हाइसरॉयला दिली. सारा देश उत्सुकतेने पाहत होता. इतक्यात चौरीचौरा येथे जमावाने पोलीसठाण्याला आग लावून पोलिसांचे प्राण घेतल्याची वार्ता आली, आणि थोड्याच दिवसांत गांधीजींनी चळवळ थांबविली. तुरुंगात असलेले मोतीलाल नेहरू आणि लाला लजपतराय यांच्यासारखे सहकारीदेखील यामुळे अत्यंत खिन्न झाले. तो निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर आजही वाद होतो. परंतु तो गुळमुळीत होता असे कोणास म्हणता येईल? त्यांनी काय थांबविले, कशासाठी थांबविले आणि त्याचा दोष कोणाकडे, हे स्वच्छ सांगितले. पाच दिवसांचे उपोषण केले. आणि पुढच्याच महिन्यात झालेली सहा वर्षांची शिक्षा निमूटपणे स्वीकारली. माझ्या दोन वचनांत विरोध दिसला तर नंतरचे प्रमाण माना, अशा अर्थाचे त्यांनी १९३३ साली लिहून ठेवले आहे. ज्याला असे लिहिता येते त्याची दोन्ही वचने निश्चित असली पाहिजेत. गुळमुळीत मनुष्याला हे लिहिता येणार नाही. त्याचे आधीचे वचन कोणते हेच सापडत नाही.

तिसरी गोष्ट तडजोडीची, आणि ती सर्वांत अवघड आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. विधवाविवाहाच्या चळवळीत ते अग्रभागी होते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा आता ते विधवेशीच विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांनी अकरा वर्षांची मुलगी पाहून ठेवली. रानड्यांनी वडिलांपाशी पुष्कळ अजीजी केली आणि शेवटी मान खाली घातली. पुढे मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याच्या प्रसिद्ध प्रकरणातही त्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. या दोन्ही प्रसंगी ते चुकले असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. परंतु ते गुळमुळीत वागले असे मला वाटत नाही. त्यांनी एक बाजू पत्करली आणि दुसऱ्या बाजूचे बोल जन्मभर ऐकून घेतले. जिच्याशी विवाह झाला, तिच्या शिक्षणास त्यांनी घरातील विरोध सोसून आरंभ केला. तीच पुढे सेवासदनाच्या रमाबाई रानडे म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाली. दुबळा निर्णयही निर्णयच असतो. त्याला धनी असतो. लोक रानड्यांस दोष देऊ शकले ते एवढ्याचसाठी की, दोष कोणाच्या दारी नेऊन ठेवावयाचा हे त्यांस ठाऊक होते.

हा ‘धनी’ शब्द मला या विषयाची किल्ली वाटतो. नाचणगावाचा मुलूख पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्या राज्याच्या अखेरीचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. अप्पासाहेब भोसल्यांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. दीड वर्ष लोटले नाही तोच, पेशव्याने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललेले असतानाही, त्यांनी पेशव्याकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे स्वीकारली. नोव्हेंबर १८१७ च्या शेवटच्या आठवड्यात सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. आणि ती फसताच, हल्ला आपल्या संमतीने झालाच नाही असा पवित्रा त्यांच्या बाजूने घेण्यात आला. तहाशीही निष्ठा नाही आणि युद्धाशीही नाही! डिसेंबरात ते इंग्रजांच्या स्वाधीन झाले, पुन्हा गादीवर बसविले गेले, पुन्हा पकडले गेले, निसटले, आणि शेवटी १८४० साली दूर जोधपुरास वारले. यात कपट किती आणि अनिश्चय किती हे इतिहासकारांनी ठरवावे. माझे लक्ष टेकडीखाली पडलेल्या शिपायांकडे जाते. ज्या लढाईला पुढे कोणी धनीच उरला नाही, त्या लढाईत ते मेले.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात एका गाढवाची गोष्ट प्रसिद्ध आहे. चौदाव्या शतकातील ब्युरिडन या फ्रेंच पंडिताच्या नावाने ती सांगतात, जरी त्याच्या ग्रंथांत ती सापडत नाही. दोन सारख्या गवताच्या गंज्या, सारख्या अंतरावर. त्यांच्या मध्ये भुकेले गाढव. कोणत्या गंजीकडे जावे याला कारण न सापडल्यामुळे ते जागच्या जागी उपाशी मेले. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना पुष्कळदा सांगितली. आता मला वाटते, ती एका बाबतीत फसवी आहे. तिच्यात गाढव स्वतः उपाशी मरते. माणसांच्या जगात असे क्वचित होते. येथे ठरवू न शकणारा मनुष्य बहुधा पोटभर जेवत असतो. उपाशी राहतो तो त्याच्या ठरविण्यावर ज्याचे सारे अवलंबून असते तो.

हे मला पुस्तकातून कळले नाही. वडिलांच्या पश्चात माझ्या वाट्याला चार एकर जमीन आली. ती विकावी, बंधूंस द्यावी, की आपणच ठेवून निवृत्तीनंतर गावी येऊन राहावे, हे मला ठरविता येईना. विकणे म्हणजे वडिलांचा घाम विकणे असे वाटे. ठेवावी तर पाहणार कोण? बंधू विचारीत, मी ‘पाहू’ म्हणे. दरम्यान गावातील एका गृहस्थाने ती मक्त्याने, म्हणजे वर्षाची ठरावीक रक्कम देऊन, वाहावयास घेतली. आमच्याकडे शेतीचे साल पाडव्याला बदलते. सालगड्याची बोली त्या दिवशी होते आणि मक्त्याचे करारही त्याच सुमारास होतात. दर पाडव्याला मी गावी फोन करावयाचा, त्याने नम्रपणे विचारावयाचे, “गुरुजी, औंदा आपल्याकडंच नं?” आणि मी म्हणावयाचे, “यंदा तर करा. पुढचे पुढे पाहू.” त्याने दोनदा विचारले होते की, एकदम चार-पाच सालांचे ठरवून टाकता येईल का. मी त्यालाही ‘विचार करतो’ असेच सांगितले. मी त्याला नाही म्हटले नाही. आपण किती चांगले वागतो, असेच मला वाटत होते.

तीन वर्षांनी त्याने शेत सोडले. मी गावी गेलो आणि वावर पाहून मला राग आला. धुरे फुटलेले, पावसाच्या पाण्याने एका कोपऱ्यातील चांगली माती वाहून नेलेली, आणि जमिनीत तीन वर्षांत शेणखताची एक गाडी पडलेली नाही. मी बंधूंपाशी त्या मनुष्याची तक्रार केली. बंधूंनी मला त्याच्याच घरी नेले. त्याने चहा दिला, आणि आवाज न चढविता तो म्हणाला, “शेणखताचा कस तीन सालं राह्यते, गुरुजी. वावर पुढल्या साली माह्याकडं राह्यते का नाही, हेच मले ठाव नव्हतं. मंग खत कोन टाकन? तुमी नाही म्हटलं असतं, तर म्या तव्हाच दुसरं वावर पाह्यलं असतं. तुमी नाही म्हटलं नाही, म्हणून माही तीन सालं गेली.”

मला उत्तर सुचले नाही. वडिलांचा घाम विकावयाचा नाही म्हणून मी जे ठरविले नाही, त्या न ठरविण्यानेच वडिलांच्या जमिनीची माती वाहून गेली होती. आणि ज्याला मी दुखविले नाही असे समजत होतो, त्याच्या आयुष्यातील तीन हंगाम मी माझ्या भिडस्तपणासाठी खर्ची घातले होते. त्याचे पैसे बुडविले असते, तर गावाने मला जाब विचारला असता. हंगाम बुडविले, त्याचा जाब कोणत्या पंचायतीत मागावयाचा?

यावर मनात आलेला एक बचाव येथे लिहिलाच पाहिजे. विकावे की ठेवावे, हा प्रश्न खरोखरच अवघड होता. जे उत्तर मला ठाऊकच नव्हते ते मी द्यावे कसे? बरेच दिवस मी या बचावाआड उभा होतो. तो ढासळला तो याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका पुरुषाच्या चरित्रामुळे. विनोबा भावे तरुणपणी दोन ओढींत सापडले होते: एक हिमालयाची, साधनेसाठी, दुसरी बंगालची, क्रांतीसाठी. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी ते बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेस उतरले आणि काशीस निघून गेले. हिमालय की बंगाल, हे त्या दिवशी त्यांचे ठरले नव्हते. काशी ही दोन्ही वाटांवर होती. परंतु परीक्षेस जावयाचे नाही, एवढे ठरले होते. आणि जेवढे ठरले होते तेवढ्यावर ते गाडीतून उतरले. काशीत त्यांनी गांधीजींच्या भाषणाविषयी वाचले, त्यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि जूनमध्ये अहमदाबादेस त्यांची भेट घेतली. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती ही दोन्ही आपणांस त्या एका ठिकाणी मिळाली, असे ते पुढे सांगत. १९२१ साली ते वर्ध्यास आले, आणि पुढे पवनार हेच त्यांचे घर झाले.

या गोष्टीतून मी माझ्यापुरते एवढेच घेतले की, मोठा प्रश्न सुटलेला नसतानाही त्याच्या पोटातील लहान प्रश्न सोडविता येतो. विकावे की ठेवावे, हे मला ठाऊक नव्हते. परंतु पुढची तीन वर्षे मी काही विकणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मग शेत वाहणाऱ्याला तेवढेच का सांगितले नाही? तेवढे सांगितले असते तर खत पडले असते, धुरे बांधले गेले असते. मी सांगितले नाही, कारण तीन वर्षांपुरते का होईना, माझे हात बांधले गेले असते. मला ज्ञान कमी पडले नव्हते. मला स्वतःसाठी सर्व दारे उघडी ठेवावयाची होती, आणि त्या उघड्या दारांतून वारा दुसऱ्याच्या घरात शिरत होता.

म्हणून आता कोणी माझ्याजवळ ‘विचार चालू आहे’ असे म्हटले, म्हणजे मी दोनच प्रश्न विचारतो. आणि तेच प्रथम स्वतःला विचारतो. काय घडले म्हणजे हा विचार संपेल? आणि तो चालू आहे तोपर्यंत त्याचा खर्च कोण देत आहे? पहिल्याचे उत्तर देता आले, तर मनुष्य वाफशासाठी थांबला आहे. त्याला खुशाल थांबू द्यावे. दुसऱ्याचे उत्तर ‘मी स्वतः’ असे असेल, तरीही फारसे बिघडले नाही. परंतु पहिल्याला उत्तर नाही आणि दुसऱ्याच्या उत्तरात कोणा दुसऱ्याचे नाव आहे, अशी स्थिती असेल तर गोड शब्द बाजूस सारून होय किंवा नाही म्हणणे हे त्या मनुष्याचे कर्तव्य होय. लग्नाच्या होकाराची वाट पाहणारी मुलगी, नोकरीत कायम होण्याची वाट पाहणारा उमेदवार, मुलगा आपणांस शहरात नेणार की येथेच राहावयाचे याची वाट पाहणारे आईबाप, या सर्वांना नकार सोसतो. त्यांना सोसत नाही ते ‘पाहू’.

यंदाच्या पाडव्याला मी फोन केला नाही, स्वतः गेलो. जमीन विकावयाची नाही असे बंधूंस सांगितले, आणि एका तरुण शेतकऱ्याला ती पाच सालांसाठी लेखी करून दिली. आधीच्या गृहस्थाला प्रथम विचारले होते; त्याने दुसरे वावर धरले आहे, तेव्हा तो हसून ‘नाही’ म्हणाला. त्याचे ते नाही ऐकून मला वाईट वाटले. परंतु ते ऐकून मी दुसऱ्याच दिवशी पुढच्या कामास लागू शकलो, हेही ध्यानात आले. माझा निर्णय चुकीचाही ठरेल. पाच वर्षांत भाव वाढतील, किंवा पडतील. मी गावी परत येईन, किंवा प्रकृती येऊ देणार नाही. त्या वेळी बंधू मला बोल लावतील, आणि तो बोल माझ्याच दारी येईल.

पुतण्याला त्याच्या शब्दाचा अर्थ मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितला होता. ‘गुळमुळीत’ हा शब्द त्याने वहीत लिहून घेतला आणि त्यापुढे उदाहरण म्हणून एक वाक्यही लिहिले. ते मी वाचून पाहिले. त्यात काकाचा उल्लेख होता. मी ते खोडले नाही.